‘कंटेंड’चा अर्थ लावताना: शी, साठी आणि की

गंगापूर तालुक्यातले एक काका भूसंपादनाच्या निकालाचा कागद घेऊन माझ्याकडे आले होते. निकाल इंग्रजीत होता, मराठीत समजून हवा होता. दुसऱ्या पानावर वाक्य होतं: ‘द रिस्पॉन्डंट्स कंटेंड दॅट द लँड इज ड्राय क्रॉप लँड.’ मी घाईत सांगून गेलो, ‘जमीन जिरायती आहे असं सरकार पक्षानं दाखवून दिलंय.’ काकांच्या शेतात विहीर आहे, मोसंबीची बाग आहे. त्यांनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, ‘म्हंजी कोर्टानं त्येंचंच मानलं का?’

मानलं नव्हतं. चार पानं पुढं कोर्टानं सातबाऱ्यावरची विहिरीची आणि बागेची नोंद बघून तो मुद्दा फेटाळला होता. पण तिथवर पोचेपर्यंत तो माणूस आपली बागायत जमीन जिरायतीच्या भावात गेली असं समजून बसला होता. चूक माझी होती आणि ती ‘कंटेंड’ या एका क्रियापदाच्या अर्थात होती.

हीच चूक आणि हिच्यासारख्या आणखी चार-पाच चुका मला सतत दिसतात. अभ्यासिकेतल्या मुलांच्या वहीत, विधी महाविद्यालयात नव्यानं आलेल्यांच्या टिपणांत, कोर्टाच्या आवारात बसून भाषांतरं करणाऱ्यांच्या कागदांत. म्हणून हा क्रम लिहून काढला आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. वहीत घेताना ती इंग्रजी लिपीत उतरवा, म्हणजे स्पेलिंगही हाताखालून जाईल.

## आधीची तयारी

वहीचं एक पान घ्या आणि उभ्या रेघा मारून तीन रकाने करा. वर लिहा: शी, साठी, की. पुढचं जवळजवळ सगळं काम या तीन रकान्यांत होणार आहे, म्हणून पान मोठं घ्या.

शब्दकोश बघायचा असेल तर उदाहरणाची वाक्यं देणारा, विद्यार्थ्यांसाठी केलेला बघा. खिशातल्या छोट्या कोशात या शब्दापुढं ‘भांडणे, झगडणे, वाद घालणे’ एवढंच सापडतं. ते चुकीचं नाही, पण कुठल्या वाक्यात कुठला अर्थ घ्यायचा हे त्यावरून कळत नाही. मग मुलं पहिला शब्द उचलतात आणि वहीत ‘याचिकाकर्ता असे भांडला की’ असं वाक्य तयार होतं.

तिसरी तयारी म्हणजे सारखे दिसणारे शब्द आधीच वेगळे करून ठेवणं. आपल्या शब्दाचं शेवटचं अक्षर डी आहे. शेवटी टी आला की तो ‘कंटेंट’, म्हणजे मजकूर किंवा समाधानी. ‘कंटेम्प्ट’ म्हणजे अवमान, कोर्टाच्या बातम्यांत तो शेजारीच भेटतो. ‘इंटेंड’ म्हणजे इरादा असणं. सगळ्यात जास्त फसवणारी जोडी ‘कंटेंडेड’ आणि ‘कंटेंटेड’ यांची. पहिलं आपल्या क्रियापदाचं भूतकाळी रूप, दुसरं विशेषण, अर्थ समाधानी. समाधानी आयुष्य लिहायला जाऊन ‘अ कंटेंडेड लाइफ’ लिहिलेलं मी निबंधात कितीदा तरी पाहिलं आहे.

उच्चारात जोर दुसऱ्या भागावर, ‘टेंड’वर येतो. मजकूर या अर्थाच्या ‘कंटेंट’मध्ये तो पहिल्या भागावर असतो. मुलाखतीत बोलताना हा फरक कानाला लगेच कळतो.

## टप्पा 1: क्रियापदावर थांबू नका, उजवीकडे बघा

या क्रियापदाचा अर्थ त्याच्या पुढच्या छोट्या शब्दात असतो. आपल्या मराठीत ‘भांडणे’ या शब्दाचं तसंच आहे. शेजाऱ्याशी भांडतो, हक्कासाठी भांडतो, आणि ‘बांध माझाच आहे असं म्हणून’ भांडतो. तिन्हीकडे क्रियापद एकच, पण मतलब तीन. इंग्रजीतही तसंच धरा:

‘विथ’ आला तर शी.
‘फॉर’ आला तर साठी.
‘दॅट’ आला तर की.

वाक्य मिळालं की आधी पुढचा शब्द पेन्सिलीनं गोल करा आणि वाक्य त्या रकान्यात टाका. भाषांतर त्यानंतर. हा क्रम उलटा केला की घाईत पहिला सुचलेला मराठी शब्द बसतो, आणि एकदा बसला की तो बदलायला हात धजत नाही.

सावध: पुढचा शब्द नेहमी चिकटून येत नाही. ‘द स्टेट कंटेंड्स, इन इट्स रिप्लाय फॉर द सेकंड पिटिशन, दॅट...’ या वाक्यात ‘फॉर’ आधी दिसतो, पण तो ‘रिप्लाय’चा आहे. दोन स्वल्पविरामांमधला मजकूर बोटानं झाका. उरलेलं वाक्य ‘द स्टेट कंटेंड्स दॅट’ असं सरळ होतं.

‘विथ’ कधी कधी वाक्याच्या अगदी शेवटी जातो. ‘दे हॅड अ ड्रॉट टू कंटेंड विथ.’ इथं ज्याच्याशी झुंजायचं ती गोष्ट, म्हणजे दुष्काळ, आधी येऊन गेली आहे. ‘विथ’नंतर पूर्णविराम दिसला तर डावीकडे वळा.

‘दॅट’ कधी गळून पडतो, कधी क्रियापद दोन स्वल्पविरामांत मध्येच घुसतं: ‘द कॅनाल, ही कंटेंडेड, वॉज नेव्हर रिपेअर्ड.’ रकाना ‘की’चाच. कालव्याची दुरुस्ती कधी झालीच नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

## टप्पा 2: ‘दॅट’ आला तर, म्हणजे ‘की’चा रकाना

माझी चूक इथलीच होती, आणि नुकसानही इथंच सगळ्यात जास्त होतं. म्हणून इथं घाई नको.

‘कंटेंड दॅट’ म्हणजे एखादी गोष्ट ठामपणे मांडणं, अशा वेळी की समोर ती न मानणारा कुणीतरी आहे. या क्रियापदात दोन गोष्टी एकदम असतात: बोलणाऱ्याचा ठामपणा, आणि तो मुद्दा अजून वादात असल्याची खूण. मराठीत या दोन्ही उतरल्या पाहिजेत.

चालणारे मराठी शब्द असे: ‘असं म्हणणं आहे’, ‘असं ठामपणे मांडलं’, ‘असं प्रतिपादन केलं’, आणि वकील बोलत असतील तर ‘असा युक्तिवाद केला’. माझी पसंती साध्या ‘म्हणणं आहे’ला. खेड्यातल्या माणसालाही ऐकताक्षणी कळतं की हे एका बाजूचं झालं, दुसरी बाजू अजून यायची आहे.

न चालणारे शब्द: ‘दाखवून दिलं’, ‘सिद्ध केलं’, ‘स्पष्ट केलं’. हे वापरले की मुद्दा खरा ठरल्याचा निकाल भाषांतरकारच देऊन टाकतो. नुसतं ‘सांगितलं’ फार मवाळ, त्यात वाद दिसत नाही. ‘आरोप केला’ही नाही, कारण तिथं कुणाच्या तरी गैरकृत्याची गोष्ट असते आणि इंग्रजीत त्यासाठी ‘अलेज’ हे वेगळं क्रियापद आहे.

आणि ‘दावा केला’? बातमीत चालतं, वर्तमानपत्रं रोज लिहितात. कोर्टाच्या कागदात मात्र मी ते टाळतो. तिथं ‘दावा करणे’ म्हणजे दावा दाखल करणे. ‘प्रतिवादीने दावा केला’ असं वाचून पक्षकाराला वाटतं, आता आपल्यावरच नवी केस पडली.

तपासा: भाषांतर झालं की स्वतःला विचारा, ‘हे कोण मानत नाही?’ उत्तर मिळालं तर शब्द बरोबर बसला. समोर कुणीच नसेल, तर मूळ इंग्रजी वाक्य लिहितानाच हे क्रियापद नको होतं. गोदावरी पैठणवरून वाहते, हे कुणी ‘कंटेंड’ करत नाही.

गोदावरीचा विषय निघालाच आहे तर जायकवाडीचंच उदाहरण घेऊ. वरच्या बाजूला नाशिक आणि अहिल्यानगरची धरणं, खाली पैठणचा नाथसागर. पाऊस कमी झाला की वरून किती पाणी सोडायचं यावर वाद ठरलेला. राज्याचा 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला, त्यातून समन्यायी पाणीवाटप हा शब्द घरोघरी पोचला, तरी वाद मिटला नाही. इंग्रजीत दोन्ही बाजू एकाच क्रियापदानं लिहिता येतात: ‘मराठवाडा कंटेंड्स दॅट इट इज डिनाइड इट्स शेअर’ आणि ‘फार्मर्स अपस्ट्रीम कंटेंड दॅट देअर ओन क्रॉप्स विल सफर’. क्रियापद कुणाचीच बाजू घेत नाही. आता पहिल्याला ‘मराठवाड्यानं दाखवून दिलं’ आणि दुसऱ्याला ‘वरच्यांनी दावा केला’ लिहिलं, तर भाषांतरात माझा निकाल आला. जायकवाडीच्या पाण्याबद्दल माझं मत पक्कं आहे आणि ते मी कुणालाही सांगेन. पण दुसऱ्याचं वाक्य मराठीत आणताना ते आत येऊ द्यायचं नाही. दोन्हीकडे ‘म्हणणं आहे’.

विधीच्या मुलांनी निकालपत्र वाचताना आणखी एक सवय लावून घ्यावी: वाक्याचा कर्ता कोण आहे ते बघायचं. ‘कंटेंडेड’ आणि ‘सबमिटेड’ ही पक्षकारांची आणि वकिलांची क्रियापदं. ‘ऑब्झर्व्हड’ म्हणजे कोर्टानं निरीक्षण नोंदवलं. ‘हेल्ड’ म्हणजे कोर्टानं ठरवलं. निकाल ‘हेल्ड’मध्ये असतो. त्याच्या आधीची कितीतरी पानं ‘कंटेंडेड’ची असतात, आणि सुरुवातीची पानं वाचूनच निकाल लागला असं समजणारे पक्षकार मी एकट्यानंच नाही, अनेकांनी पाहिले असतील. खंडपीठाचा निकाल हातात आला की मी आता आधी ‘हेल्ड’ शोधतो, त्याखाली रेघ मारतो, मगच पहिल्या पानाकडे येतो.

स्वतः इंग्रजी लिहिताना दोन चुका टाळा. ‘ही कंटेंडेड द कोर्ट दॅट’ चूक, कारण कोर्ट या क्रियापदाचं कर्म होत नाही. आपल्याकडच्या कोर्टाच्या इंग्रजीत ‘कंटेंडेड बिफोर द कोर्ट दॅट’ लिहितात, ते ठीक. आणि ‘ही कंटेंडेड टू पे’ असं होतच नाही. मोबदला द्यायचा इरादा असेल तर ‘इंटेंडेड’, द्यायला तयार असेल तर ‘अग्रीड’.

## टप्पा 3: ‘विथ’ आला तर, म्हणजे ‘शी’चा रकाना

‘विथ’ म्हणजे सोबत, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. म्हणून ‘कंटेंड विथ ड्रॉट’चं ‘दुष्काळासोबत संघर्ष केला’ होतं. मराठी माणूस दुष्काळासोबत झुंजत नाही, दुष्काळाशी झुंजतो. ‘सोबत’ म्हटलं की दुष्काळ आपल्या बाजूला उभा राहतो! वहीत ‘सोबत’ लिहिलेलं दिसलं की खोडा आणि ‘शी’ लावा, किंवा ‘ला तोंड देणे’ वापरा.

लातूरचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ‘लातूर हॅड टू कंटेंड विथ अॅन अक्यूट वॉटर शॉर्टेज.’ लातूरला भीषण पाणीटंचाईला तोंड द्यावं लागलं. इथलं ‘हॅड टू’ नीट बघा. या अर्थानं हे क्रियापद फार वेळा ‘हॅव टू’ किंवा ‘हॅड टू’ घेऊन येतं, कारण ही झुंज कुणी हौसेनं घेतलेली नसते. मराठीत ते ‘लागलं’मध्ये उतरतं. ‘लातूरनं पाणीटंचाईशी झुंज दिली’ हे चूक नाही, पण त्यात नाइलाज हरवतो.

सावध: ‘कंटेंड विथ’मध्ये जिंकणं नाही. ‘मात केली’ हे भाषांतर चूक. बीडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांबद्दल वाक्य आहे असं समजा: ‘देअर चिल्ड्रन हॅव टू कंटेंड विथ ब्रोकन स्कूलिंग.’ कारखाना सुरू झाला की आईबापाबरोबर पोरं कोप्यांवर, म्हणजे ऊसतोडीच्या जागच्या झोपड्यांवर, जातात, शाळा मध्येच सुटते. इंग्रजी वाक्य एवढंच म्हणतं की या पोरांना तुटक शिक्षणाला तोंड द्यावं लागतं. त्यांनी त्यावर मात केली असं ते म्हणत नाही. ‘मात’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यानं त्या पोरांची अडचण कागदावरच संपवून टाकलेली असते. निभावून नेलं असं म्हणायचं असेल तर इंग्रजीत ‘कोप विथ’ जवळचं, आणि खरोखर मात केली असेल तर ‘ओव्हरकम’.

‘विथ’च्या पुढं माणूस किंवा संस्था आली तर ती समोरची बाजू. ‘द व्हिलेजर्स कंटेंडेड विथ द कंपनी’ म्हणजे गावकरी कंपनीशी भांडले, कंपनीच्या बरोबरीनं नाही. गावकरी आणि कंपनी एका बाजूला होते असं म्हणायचं असेल तर ‘अलाँगसाइड’ वापरा आणि क्रियापदही बदला.

आणि ‘विथ’ गाळू नका. ‘फार्मर्स कंटेंड ड्रॉट’ हे वाक्य उभंच राहत नाही. मराठीत ‘शी’ गाळून ‘शेतकरी दुष्काळ झुंजतो’ म्हणून बघा, म्हणजे कानाला पटेल.

## टप्पा 4: ‘फॉर’ आला तर, म्हणजे ‘साठी’चा रकाना

हा सोपा. एक गोष्ट, ती मिळवू बघणारे अनेक. ‘फोर टीम्स आर कंटेंडिंग फॉर द ट्रॉफी.’ करंडकासाठी चार संघांत चुरस आहे. ‘चुरस’, ‘शर्यतीत असणे’, ‘स्पर्धेत असणे’ यांपैकी वाक्याला जमेल तो घ्या. ‘विथ’ आणि ‘फॉर’ दोन्ही आले तर ‘शी’ आणि ‘साठी’ दोन्ही लावा: परभणीचा संघ नांदेडशी पहिल्या जागेसाठी झुंजतो आहे.

मर्यादा एवढीच. समोर स्पर्धक असतील तिथं हे क्रियापद शोभतं. मराठवाडा मुक्तिसंग्रामावरच्या निबंधात ‘पीपल कंटेंडेड फॉर फ्रीडम’ लिहिलेलं मला खटकतं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत इथल्या लोकांनी जे सोसलं ती काही बक्षिसाची चुरस नव्हती. तिथं ‘फॉट’ किंवा ‘स्ट्रगल्ड’ लिहा. मागणीसाठीचं आंदोलन असेल तर ‘डिमांड’ आणि ‘अजिटेट’ आहेतच.

## टप्पा 5: लढणे आणि लढवणे वेगळे करा

‘निवडणूक लढवली’चं इंग्रजी करताना शंभरातली निम्मी मुलं ‘कंटेंडेड द इलेक्शन’ लिहितात असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण दर बॅचमध्ये ही चूक येते हे नक्की. मराठीनंच इथं वाट दाखवून ठेवली आहे. आपण निवडणूक लढत नाही, लढवतो. ‘लढवणे’ला थेट कर्म लागतं. इंग्रजीत त्याची जोडी ‘कंटेस्ट’शी: ‘ही कंटेस्टेड द इलेक्शन’. मृत्युपत्राला हरकत घेतली, तेही ‘कंटेस्टेड द विल’.

‘कंटेंड’ हा ‘लढणे’सारखा. त्याला शी, साठी किंवा की यांतलं काहीतरी हवं, थेट कर्म नको.

तपासा: स्वतःच्या इंग्रजी वाक्यात ‘कंटेंड’च्या लगेच पुढं ‘द इलेक्शन’, ‘द केस’, ‘द ऑर्डर’ असं नाम आलं असेल तर बहुतेक वेळा तिथं ‘कंटेस्ट’ किंवा ‘चॅलेंज’ हवं आहे.

## टप्पा 6: घरातले बाकीचे शब्द

‘कंटेन्शन’ या नामाचे दोन अर्थ. एक, मांडलेला मुद्दा किंवा म्हणणं. ‘द कोर्ट रिजेक्टेड द कंटेन्शन’, म्हणजे कोर्टानं तो मुद्दा फेटाळला. माझ्या काकांच्या निकालात हेच वाक्य होतं आणि मी तिथवर पोचायच्या आधीच बोलून मोकळा झालो होतो. दुसरा अर्थ वाद. ‘बोन ऑफ कंटेन्शन’ म्हणजे वादाचं मूळ. त्यातलं हाड मराठीत आणू नका, ‘वादाचं हाड’ वाचून कुणाला काही कळत नाही.

‘इन कंटेन्शन’ म्हणजे शर्यतीत, ‘आउट ऑफ कंटेन्शन’ म्हणजे शर्यतीबाहेर. ‘कंटेंडर’ला आपल्याकडे ‘दावेदार’ हा इतका नेमका शब्द आहे की दुसरा शोधायला जाऊ नये.

‘कंटेन्शस’ हे विशेषण मुद्द्याला लागलं तर वादग्रस्त, माणसाला लागलं तर भांडखोर. कर्ता न बघता भाषांतर केलं की ‘भांडखोर विधेयक’ मांडलं जातं.

## टप्पा 7: एक उतारा पूर्ण करून बघा

संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा सक्तीचा पेपर 300 गुणांचा असतो आणि त्यात किमान 25 टक्के लागतात. ते गुण क्रमवारीत धरले जात नाहीत म्हणून मुलं त्याकडे दुर्लक्ष करतात. त्यात इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर असतं, आणि असलीच वाक्यं तिथं अडवतात. हा उतारा वहीत इंग्रजी लिपीत उतरवा, खालचं भाषांतर झाका आणि स्वतः करा:

‘फार्मर्स अॅट द टेल ऑफ द कॅनाल, हू हॅव हॅड टू कंटेंड विथ टू बॅड मॉन्सून्स, कंटेंड दॅट वॉटर शुड रीच देम फर्स्ट. द डिपार्टमेंट रिजेक्ट्स धिस कंटेन्शन. थ्री कॅन्डिडेट्स आर कंटेंडिंग फॉर द लोकल सीट, अँड द कॅनाल इज द बोन ऑफ कंटेन्शन.’

पहिल्या वाक्यात क्रियापद दोनदा आलं आहे. पहिलं ‘शी’च्या रकान्यात, दुसरं ‘की’च्या. आधी हे दोन गोल करा, मग पुढं जा.

माझं भाषांतर: ‘कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्यांना दोन वर्षं अपुऱ्या पावसाला तोंड द्यावं लागलं आहे. पाणी आधी आपल्यापर्यंत पोचलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं आहे. विभागाला ते मान्य नाही. तिथल्या जागेसाठी तीन उमेदवारांत चुरस आहे आणि कालवा हेच वादाचं मूळ आहे.’

लांब वाक्याचे मी दोन तुकडे केले आहेत, तुम्ही एकच ठेवलं तरी चालेल. ‘टेल’चं ‘शेपूट’ केलं असेल तर बदला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला तिथले लोक टेलच म्हणतात. आता तुमच्या वहीत विभागाच्या नकाराचं वाक्य पुन्हा बघा. ‘मुद्दा फेटाळला गेला’ असं लिहिलं असेल तर कोणी फेटाळला ते गळालं. इथं नकार विभागाचा आहे. कोर्टाचा किंवा प्राधिकरणाचा नाही, आणि टेलच्या शेतकऱ्याला नेमकं तेच कळायला हवं.